अंगणापलीकडून ऐकलेला ट

जळगाव स्टेशनच्या मागे रेल्वेच्या चाळीत आम्ही राहत होतो तेव्हा उन्हाळ्यातली संध्याकाळ डोळ्यांच्या आधी नाकाला कळायची. दिवसभर तापलेलं लोखंड, मालधक्क्यावर घडांखाली अंथरलेली केळीची वाळकी पानं, त्यांवर मारलेलं पाणी आणि इंजिनाचा करपट धूर, असा सगळा वास ऊन उतरलं की जमिनीलगत यायचा आणि आमच्या अंगणात मुक्कामाला बसायचा. त्या वासातूनच भोंग्याचा आवाज यायचा. त्या वेळी गाड्यांची माहिती टेपवर भरून ठेवलेली नसे. कोणीतरी जिवंत माणूस खोलीत बसून बोलायचं आणि भोंगे ते स्टेशनभर ओतायचे, आधी मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी. इतकी वर्षं तो आवाज कानावरून गेला, पण मी त्यातला शब्द कधी ऐकला नव्हता. आवाज आला की चुलीवरचा भात उतरवायचा आणि पुन्हा आला की रमेशच्या आंघोळीचं पाणी काढायचं, एवढाच त्याचा आणि माझा संबंध.

रमेश माझा धाकटा मुलगा. स्टेशनात सांधेवाला होता, गाडीसाठी रुळांचे सांधे बदलायचा. कावीळ झाली, ध्यानात यायला उशीर झाला आणि तो गेला. त्याच्याविषयी इथे जास्त लिहीत नाही. लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण हे लिखाण त्याच्या बायकोविषयी आहे.

तिचं नाव मंदा. माहेर शिरपूरकडचं, बारावीपर्यंत शिकलेली, आणि बोलणं इतकं हळू की शेजारी बसलं तरी कान पुढे करावा लागे. नवरा नोकरीत असताना गेला की बायकोला काम देतात, तशी तिची फाइल कचेरीत फिरत होती. एका दुपारी मोठ्या कारकुनाने आम्हा दोघींना बोलावून सांगितलं की जळगावात सध्या अनाउन्सरची एकच जागा रिकामी आहे. साहेब आवाज तपासतील, तिन्ही भाषांत भोंग्यावर नीट बोलता आलं तर जागा तिची. नाही आलं तर दुसरी जागा निघेपर्यंत थांबायचं, ती कुठे निघेल आणि कधी निघेल हे सांगता येणार नाही, आणि तोवर राहती खोली मात्र सोडावी लागेल.

खोली सोडायची म्हणजे नानाकडे जायचं. नाना माझा थोरला, पाचोऱ्याजवळ गावी शेती करतो. वाईट माणूस नाही. त्याच्या घरात बायांना मार नाही, उपास नाही, धान्याला कुलूप नाही. पण आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, उभं राहायचं नसतं. डोक्यावरून पदर ओढून दाराआडून बोलायचं, तेही त्याच्याशी नाही, भिंतीशी. ‘पाणी तापलं म्हणावं...’ एवढं म्हणून थांबायचं. पुढचं जेठाने समजून घ्यायचं. वाऱ्यात पदर उडू नये म्हणून त्याचं टोक दातात धरायची सवय लहानपणीच लागते, आणि मग दातात लुगडं असलेल्या बाईचं वाक्य जिथे अडतं तिथे ते संपलं असं सगळे धरून चालतात. मी स्वतः तशीच राहिले. माझा जेठ मेला तेव्हा ध्यानात आलं की इतक्या वर्षांत मी त्याला एक पुरं वाक्य बोलले नव्हते. त्याचं मला दुःख वगैरे झालं नाही, पण पुन्हा म्हातारपणी, पोटच्या पोराच्या घरी, तिन्हीसांजेला ओट्याच्या मागे बसून पावलांचा अंदाज घेत जगायचं, हे मला नको होतं. मंदाचं तर सगळंच आयुष्य पुढे होतं. कचेरीतून परत येताना ती म्हणाली, “आत्याबाई, मला गावी...” आणि थांबली. मी म्हटलं, “कळलं.”

मराठीची काळजी नव्हती, हिंदी ह्या भागात सगळ्यांनाच येते. अडचण इंग्रजीची. पलीकडच्या गल्लीत तायडेबाई राहायच्या, त्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत. वडील धुळ्याच्या गिरणीत कामाला होते, तिथल्याच कॉलेजात त्या शिकलेल्या. घरात बुद्धाची तसबीर, पुस्तकांनी भरलेली दोन कपाटं आणि जिभेला धार. मी त्यांच्याकडे जाऊन सरळ सांगितलं की असं असं आहे, सुनेला भोंग्यावर बोलता आलं पाहिजे. त्यांनी तिला समोर बसवून चार ओळी वाचायला लावल्या, डोळे मिटून ऐकल्या आणि म्हणाल्या, “मंदा, तू वाचतेस बरोबर. पण प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर कुठे ठेवून येतेस?”

मंदा त्या चार ओळींत ते अक्षर शोधायला लागली.

“भोंगा आधीच निम्मं खातो. उरलेलं तू खाल्लंस तर पॅसेंजरांना काय वाढशील?”

तिथून आमची ती उन्हाळ्यातली विचित्र शिकवणी सुरू झाली. कडुलिंबाचा मोहोर गळून अंगणात पिवळी भुकटी पडायची, ती झाडून मी चटई टाकायची. तायडेबाई शाळेतून आल्या की तोंडावर पाणी मारून तशाच यायच्या. गाड्यांच्या अप-डाउनमधला ‘अप’ म्हणताना मंदाचे ओठ मिटायचे आणि मिटलेलेच राहायचे, आत गेलेला प काही बाहेर पडत नसे. बाई तिचा तळहात तिच्याच तोंडासमोर धरायला लावत. “ओठ मिटले की सोड. हाताला हवा लागली पाहिजे.” ‘लेट’मधल्या ट साठी जिभेने टाळूला टेकून नुसतं तिथे बसायचं नाही, टेकून उठायचं. ‘प्लीज’च्या शेवटी दातांमागे माशी गुणगुणावी तसा आवाज आला पाहिजे. मी आधी हसले. कोणाला गाडी पकडायची आहे तो ट ऐकायला थोडाच थांबणार आहे. मग मीही चोरून तोंडासमोर हात धरून पाहिला. भाकरीचा पापुद्रा फुटून वाफ निसटावी, तेवढीशी हवा लागली. इतक्याशा हवेवर आमची खोली अडली होती.

बाईंनी मलाही काम दिलं. मंदाने ओसरीत उभं राहून बोलायचं आणि मी अंगणाच्या टोकाला, धुण्याच्या दगडावर बसायचं. शब्दाचा शेवट माझ्यापर्यंत पोचला तर हात वर करायचा. “तुम्हाला अर्थ कळत नाही हे बरंच आहे,” त्या म्हणाल्या. “अर्थ कळणारा माणूस न ऐकलेलं मनातच भरून काढतो.” मी चौथी शिकलेली, आणि आजवर अडाणीपणाचा उपयोग कोणी एवढा सरळ सांगितला नव्हता. मी बसायची. पलीकडे रुळांवरून मालगाडी जायची, नळावर बायका भांडायच्या, कोणाच्या तरी तव्यावर मिरच्यांचा ठसका उठायचा, आणि ह्या सगळ्यातून मी एका ट ची वाट बघायची. पहिल्या दिवसांत हात मांडीवरच राहिला. मंदा माझ्या हाताकडे बघायची आणि तिचा चेहरा उतरायचा, तो मला तिथूनही दिसायचा. धीर देण्यासाठी उगाच हात वर करावा असं एकदोनदा वाटलं. केला नाही. साहेब काही तिला धीर द्यायला बसणार नव्हता.

मग तिने भीतीने उलटंच सुरू केलं. शेवट ऐकू जावा म्हणून प्रत्येक शब्दाला धक्का द्यायला लागली, आणि ‘लेट’च्या मागे एक ‘अ’ लटकायला लागला, ‘अप’च्या मागे दुसरा. मला अंगणात छान ऐकू यायचं, मी हात वर करायची. बाई म्हणायच्या, “आजी, खाली घ्या हात. हे शेपूट आहे.” अक्षर गिळायचंही नाही आणि त्याला शेपूटही लावायचं नाही, असा तो अवघड मधला रस्ता होता. लहानपणी गुरुजींनी पाय मोडलेलं अक्षर शिकवलं होतं, ते लंगडं अक्षर जागेवरच उभं राहतं, पुढे चालत नाही. तसं काहीतरी असावं अशी मी मनाची समजूत घातली. पण समजूत घालून झोप येत नाही. बाजारात भाजी घेताना मी माणसांच्या शब्दांचे शेवट ऐकायला लागले. केळी विकणारा, बोहारीण, रेशनच्या दुकानातला मापाडी, जो तो आपल्या शब्दांची टोकं सांडत चाललेला. आपल्याकडे कोणाचंच काही अडत नाही त्यावाचून. अडायचं ते फक्त हिचंच.

हळूहळू जमायला लागलं. ट आला, मागून प आला, ज तर एके दिवशी इतका स्वच्छ आला की तायडेबाईंनी नुसती मान हलवली. आणि त्याच आठवड्यात नाना आला.

भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन आला, अंगणात पाय धुतले, ओसरीवर बसला. मंदा वाक्याच्या मध्यावर होती. ते तसंच सोडून ती आत गेली, पदर खाली आला, टोक दातात गेलं. तायडेबाई चटईवरच होत्या. त्यांनी आतल्या दाराकडे तोंड करून सांगितलं, “मंदा, तिथूनच म्हण पुढचं.” आतून जे आलं त्याला आवाज म्हणायचं तर म्हणावं. महिनाभर गोळा केलेले सगळे शेवट गेले होते, ‘प्लॅटफॉर्म’मधला फक्त ‘प्लॅ’ ओसरीपर्यंत आला. नाना चटईकडे, बाईंकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. बाई उठून चपला घालता घालता म्हणाल्या, “नानाभाऊ, तुम्ही आलात आणि आमचा सगळा अभ्यासक्रम बुडाला बघा.”

“मी तं काहीच बोलनू नही,” नाना म्हणाला.

“तेच तर,” बाई म्हणाल्या आणि गेल्या.

त्या गेल्यावर त्याने कोणाकडे शिकते, बाई कोणाच्या, हे विचारलं. मी सांगितलं. तो गप्प झाला. त्याचं ते गप्प होणं मला कळतं, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. शेंग फोडून त्याने टरफल अंगणात टाकलं.

“माय, आपला घरनी सून भोंगामा बोलनार शे का? बठ्ठं गाव काय म्हनी?”

“भोंगामा नही बोलनी तं तुन्हा वावरमा निंदाले लागी,” मी म्हटलं. “गाव त्याले काय म्हनी?”

“घरनं वावर शे. घरनी इज्जत शे.”

“शेंगा खा,” मी म्हटलं.

पण जाताना तो सांगून गेला की चाचणीच्या दिवशी तोही येणार, घरचं पुरुषमाणूस बरोबर पाहिजे. ह्याला नको म्हणता येईना. त्याच्या बाजूने तो कर्तव्यच करत होता.  मंदा बाईंसमोर, माझ्यासमोर, नळावरच्या बायकांसमोर बोलायला लागली होती. नाना दहा हातांवर बसला की ती दाराआडची होती, मग मध्ये दार असो वा नसो. आणि भोंगा म्हणजे असं दार की ज्याच्या आड काहीच राहत नाही.

चाचणीच्या सकाळी ती पांढरट निळं पातळ नेसली. स्टेशन नुकतंच धुतलेलं होतं, ओल्या फरशीचा आणि फिनेलचा वास सुटला होता, आणि उन्हाची पहिली तिरीप पत्र्याच्या कडेवरून रुळांवर उतरत होती. नाना स्वच्छ धोतर-टोपीत आमच्या दोन पावलं पुढे. खोलीच्या दाराशी मंदा थांबली, पदर नीट करायला लागली, करतच राहिली. मी म्हटलं, “पडला डोक्यावरून तर पडू दे. तोंडात घालू नको.” नानाने दुसरीकडे बघितलं. ती आत गेली. दाराला काच होती आणि काचेतून समोरच्या बाकावर बसणारा माणूस आतून सरळ दिसला असता. म्हणून मी नानाला म्हटलं, इथे ऊन येईल, चल, आणि त्याला फलाटाच्या पार टोकाला, पाण्याच्या नळापाशी नेऊन बसवलं. बसल्यावर वर पाहिलं तर डोक्यावर भोंगा. जाऊन जाऊन जाणार कुठे, स्टेशनात तो नाही अशी जागाच नव्हती.

आम्ही बसून राहिलो. भुसावळकडून एक मालगाडी आली आणि न थांबता गेली. नाना सदऱ्याच्या खिशातून शेंगा काढून खात होता, मला देत होता, मी हातात धरून ठेवत होते.  मग भोंगा खरखरला आणि बाईचा आवाज आला. मराठी स्वच्छ होतं. हिंदी त्याहून बरं. मध्ये आवाज इतका वेळ थांबला की संपलं असं वाटलं. मला डोळ्यांपुढे काच दिसली, काचेपलीकडे दातात पदर दिसला, नानाच्या घरातला तो ओट्यामागचा कोपरा दिसला, तिथली शेणामातीची ओल नाकाला आली. आणि इंग्रजी सुरू झालं. ‘प्लीज’ची माशी गुणगुणली. ‘अप’चा प आलाच नाही, गेला. मी शेंगा मुठीत दाबल्या. पुढे गाडीचं नाव, गावांची नावं, आणि मग ‘लेट’. ट आला. टेकला आणि उठला, मागे शेपूट नाही, काही नाही. तो फलाटाच्या ह्या टोकापर्यंत, नळाच्या गळत्या पाण्यावरून, हमालांच्या आरडाओरड्यावरून सरळ माझ्यापर्यंत आला आणि माझा हात आपोआप वर गेला.

“काय वं माय, हात कसाले वर कया?” नानाने विचारलं.

“काही नही.”

त्याने टरफलं झटकली, रुळांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. मग थोडा कंटाळून म्हणाला, “मंदाना लंबर कव्हय लागी?”

मी त्याच्याकडे बघितलं. तिची पाळी अजून यायचीच आहे असं तो धरून होता, तोंडावर कुठलीही लबाडी नव्हती. भावाचं लग्न होऊन, भाऊ मरूनही काळ लोटला होता, ही बाई त्याच्या घरी कितीतरी सणांना राबली होती, आणि तिचा मोकळा आवाज त्याने आज पहिल्यांदा ऐकला होता. म्हणून तो त्याला कोणाचा तरी, परक्या बाईचा वाटला होता.

“व्हई गया,” मी म्हटलं. “आते बोलनी ती मंदाच व्हती.”

“ती?” नाना म्हणाला. त्याने वर भोंग्याकडे बघितलं. “तिना आवाज असा शे?”

 गावी त्याने काय सांगितलं मला माहीत नाही. मंदाला जागा मिळाली, साहेब म्हणाला की इंग्रजी अजून सुधारायला पाहिजे, पण ऐकू येतं. खोली राहिली. तायडेबाईंना मी खापरावरची पुरणपोळी करून नेऊन दिली, त्यांनी उभ्या उभ्या अर्धी खाल्ली आणि म्हणाल्या, “तो प राहिला ना.” राहिला होता खरा.

आता हे सगळं सुखाचं झालं असं वाचणाऱ्याला वाटेल, आणि मलाही काही दिवस तसं वाटलं. आवाज आला की मी पातेलं उतरवेनाशी झाले, उभी राहून ऐकायची. पण पावसाळा संपता संपता घरातही काहीतरी बदललेलं माझ्या ध्यानात आलं. मंदाची वाक्यं पुरी व्हायला लागली होती. ‘आत्याबाई, वरणात...’ असं म्हणून ती थांबायची नाही. वरणात मीठ जास्त झालंय, असं म्हणायची, आणि झालेलं असायचं. अर्धं वाक्य ऐकणाऱ्याच्या सोयीचं असतं. उरलेलं अर्धं त्याला हवं तसं भरून घेता येतं, नाहीतर न ऐकल्यासारखं करून उठता येतं. मी जन्मभर तशा वाक्यांतच वावरले, त्यांत माझा हात बसलेला होता. पुऱ्या वाक्यापुढे काय करायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

आणि मंदा तरुण होती. पार्सल कचेरीतला एक माणूस, बायको वारलेला, शिफ्ट सुटली की तिच्याबरोबर गल्लीच्या वळणापर्यंत चालत येतो, हे नळावरच्या बायकांनी मला सांगितलं होतं. मी विचारलं नव्हतं. ती त्याच्याबरोबर गेली तर ही खोलीही जाते, आणि खोली गेली की माझ्यासाठी पाचोऱ्याची गाडी. हा हिशोब मी रोज भाकरी थापताना करायची आणि तिच्याकडे बघायची नाही.

मार्गशीर्षातली संध्याकाळ होती, हवेत पहिला गारवा आणि शेकोट्यांचा धूर. चूल बंद करून आम्ही नुकताच रॉकेलचा स्टोव्ह घेतला होता. तो इतका भरभरायचा की त्याच्याजवळ बसलेल्या माणसाला दुसरं काही ऐकू येत नसे, आणि मला तो त्यासाठीच आवडायला लागला होता. मंदा कामावरून आली. हातपाय धुऊन आत गेली नाही, माझ्यासमोर येऊन पाटावर बसली. डोक्यावर पदर नव्हता.

“आत्याबाई, मला तुम्हाला एक सांगायचंय,” ती म्हणाली.

पातेल्यात दूध होतं, अजून वर यायचं होतं. मी हात पुसला आणि स्टोव्हची चावी सोडली. सूं करून हवा निघून गेली, जाळ निळा होऊन खाली बसला आणि घर एकदम शांत झालं.

“बोल,” मी म्हटलं.